बॅटरीची फेरी

सुगतने गाडीची किल्ली वडिलांच्या हातावर ठेवली, पण स्वतःची बोटं काही सोडवेनात. किल्लीचं एक टोक लेकाकडे, दुसरं बापाकडे, असा तो कारभार बराच वेळ चालला. कंपनीने त्याला वर्षभरासाठी मस्कतला धाडलं होतं. पुण्यात गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून ती पांढरी गाडी वालूरच्या घरापुढे लिंबाखाली लावून तो निघाला होता.

"बाबा, मी सरळ बॅटरीची वायर काढून ठेवतो," तो म्हणाला. "गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते. तुम्ही काही करूच नका."

"वायर काढून?" किशनराव दुखावले. "म्हणजे मुडद्यावानी ठेवायची का दारात?"

"मग आठ दिवसाला एकदा चांगली तासभर फिरवावी लागेल. नुसती चालू करून भागत नाही. जमेल का तुम्हाला?"

हे विचारायला नको होतं. किशनरावांची उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली होती. जिंतूर, मानवत, गंगाखेड, कुठल्याही रस्त्यावरचा खड्डा ते नुसत्या धक्क्यावरून ओळखत, आणि खड्डा बुजवला तर ओळखीचं माणूस वारल्यासारखे हळहळत. आता एवढ्या नोकरीत त्यांनी स्टेअरिंगला कधी हात लावला नव्हता, हे खरं. पण ते विचारलंय कुणी?

"ज्या दिवशी तू परभणीला टेसनावर उतरशील," ते म्हणाले, "त्या दिवशी ही गाडी भायेर उभी असंल. कंडक्टरचा शब्द हाय."

"बघा हं. बॅटरी बसली तर पुढच्या वेळी मी गाडी पुण्यात मित्राकडे ठेवणार."

लेक गेला. फाट्यापर्यंत त्याला पोचवून आल्यावर रुख्मिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं का शेवटचं? गाडी पुण्यात ऱ्हायली की पोरगं आधी पुण्याला उतरणार. मंग सवड झाली तर आपल्याकडं. गाडी हितं हाय तवर त्यो आधी हितं येतोय. ती बॅटरी न्हाई, दावं हाय दावं. तुटू देऊ नका."

किशनरावांनी जिम्मा मनावर घेतला. गाडी फिरवायला मेकॅनिक बालाजी येणार होता. तो एकदा आलाही. पण मग सोयाबीनची सुगी लागली, गावातले ट्रॅक्टर एकामागून एक रुसून बसले आणि बालाजी दिसेनासा झाला. तेव्हा किशनरावांनी स्वतःचं डोकं चालवलं. आठ दिवसांतून एकदा भाकरीची चवड खाण्यापेक्षा रोज चतकोर खाल्लेली बरी, तसंच गाडीचं असणार.

रोज सकाळी वंदना आटोपली की ते ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसत आणि किल्ली फिरवत. घुर्र झालं की, "जिती हाय," असं म्हणून लगेच बंद करत. पेट्रोल का जाळा? पुढे घरी येईल त्याला चहाच्या आधी घुर्र ऐकवायची पद्धत पडली. त्यात उभ्या माणसाचे गुडघे धरतात हा अनुभव असल्यामुळे ते गाडीचा व्यायामही घेत. दिवे लावायचे, काचेवरचे वायपर हलवायचे, दोनदा हॉर्न. आता रांजणातून रोज तांब्या तांब्या काढायचा आणि घागरभरही ओतायचं नाही, तर रांजण किती दिवस टिकेल? एका सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक झालं. मग टकही होईना.

शेजारचा येडबा शेरडं सोडायला निघाला होता. त्याने काठी टेकवून गाडीकडे पाहिलं आणि लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला. लिंबाने बॅटरी भरली असती तर लिंबाच्या झाडाखाली ती मेलीच कशाला असती, असं किशनरावांनी विचारलं. ते झाड कडुनिंबाचं आहे, हे येडबाने लक्षात आणून दिलं. वाद तिथेच थांबला, कारण फोन वाजला. सुगतचा होता, आणि तोही तोंड दिसणारा फोन.

"बाबा, बऱ्याच दिवसांत गाडी बघितली नाही. जरा चालू करून दाखवा."

किशनरावांनी येडबाकडे पाहिलं. येडबा हा समजूतदार माणूस. तो गुपचूप आपल्या भिंतीआड गेला आणि त्याने फटफटीला किक मारली. त्या फटफटीचा सायलेन्सर आधीच्या पावसाळ्यात कसुरा नदीत पडला होता, तो अजून निघालेला नाही. सेलूत लोकांनी वाळवणं उचलली म्हणतात, आभाळ गडगडलं असं समजून.

"आवाज वेगळाच येतोय," सुगत म्हणाला.

"हवा बदलली, लेका."

"आणि धूर भिंतीच्या मागून कसा येतोय?"

"वारं तिकडून हाय."

"बाबा, बोनेटवर बकरी बसलीय. गाडी चालू आहे आणि ती हललीसुद्धा नाही."

रुख्मिणीबाईंनी पुढे होऊन फोन हातात घेतला. "ती बहिरी हाय," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?"

फोन बंद झाल्यावर मात्र त्या ओट्यावर बसल्या आणि "दावं तुटलं," एवढंच म्हणाल्या. किशनरावांना त्या दोन शब्दांची धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी ते बालाजीला एका ट्रॅक्टरखालून पाय धरून ओढून घेऊन आले.

बालाजीने गाडी तपासली, नाही नाही ते बोलला आणि म्हणाला की आता ढकलल्याशिवाय इलाज नाही. बॅटरीत अजून थोडी धुगधुगी आहे, उतारावर वेग घेतला की इंजन पेटेल. ढकलायला सगळ्यात दमदार माणूस बालाजीच, त्यामुळे आत बसायचं कुणी, हा प्रश्न पडला. किशनरावांनी घसा साफ केला आणि दूर कुठेतरी पाहिलं. तेव्हा रुख्मिणीबाईंनी पदर खोचला. माहेरी त्यांनी भावाचा ट्रॅक्टर उसाच्या गाडीसकट चालवला होता. पुढे त्यांनी परभणीला जाऊन रीतसर लायसन काढलं आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबाला, "मागं बगून उतरा, दादा," असंही बजावलं. पण हा ढकलायचा दिवस लायसनच्या आधीचा होता, तेव्हा त्याची फार चौकशी करू नये.

अर्धी आळी मागे लागली. उतारावर बालाजी ओरडला, रुख्मिणीबाईंनी क्लच सोडला, गाडीला एक मोठी उचकी लागली आणि ती पेटली. किशनराव मागचं दार धरून ढकलत होते. गाडी हातातून निसटायला लागली, तशी जुनी सवय जागी झाली आणि म्हातारा पळत्या गाडीत असा अल्लद चढला की येडबाच्या शेरडांनीही मान वर केली.

"वैनी, तासभर बंद करू नका," मागून बालाजीचा आवाज आला. "तिकडं बंद पडली तर मी ढकलाया येणार न्हाई."

गाडी पाथरीच्या रस्त्याला लागली. रुख्मिणीबाई स्टेअरिंग नांगराच्या रुमण्यासारखं धरून बसल्या होत्या. सगळं सुरळीत होतं. पण फाट्यावर गाठोडं घेऊन गावातली कासाबाई उभी होती. तिची एसटी नुकतीच हुकली होती, हे किशनरावांना तिच्या खांद्यांवरूनच कळलं. त्यांचा हात आपोआप बंडीच्या खिशात गेला. नोकरीतला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा निवृत्तीनंतरही त्या खिशातून कधी निघाला नव्हता. त्यांनी तो दारावर एकदा वाजवला. टक.

"काहून?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"पॅसेंजर हाय. थांबव."

"थांबली की बंद पडंल. मला अजून थांबवायचं समजंना."

"मंग हळू कर. फाट्यावरचं मानूस सोडून खाली गाडी म्या जल्मात नेली न्हाई."

गाडी बैलाच्या चालीवर आली. कासाबाई दाराच्या बाजूने चालत चालत विचारपूस करायला लागली. ही कोणत्या डेपोची, असंही तिने विचारलं. मग गाठोडं आत आलं आणि मागून ती आली. पाथरीच्या दवाखान्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एसटी हुकल्यामुळे आधीही तारीख गेली होती. त्या दिवशी ती वेळेवर पोचली. बॅटरीही पोटभर प्याली.

पुढच्या आठवड्यात कासाबाई काळा चष्मा लावून, ओटीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. तिला आता गल्लीच्या टोकाचं माणूस ओळखू येत होतं. काहींना ती त्यामुळे टाळायला लागली होती, हा भाग वेगळा.

"तुमच्यामुळं दिसाया लागलं, किशनराव," ती म्हणाली. "तुमचे उपकार कशे फेडू?"

"उलटं हाय, कासाबाई. बॅटरीसाठी गाडी पळणारच होती. तुमी बसलात म्हणून तिची लाज ऱ्हायली. उपकार तुमचे."

"न्हाई, तुमचे."

"अवो, तुमचे."

हे भांडण इतकं वाढलं की सोडवायला येडबाला यावं लागलं.

त्यानंतर दर मंगळवारी बॅटरीची फेरी सुरू झाली. भाडं नाही, कारण किशनरावांच्या मते बसणाराच मदत करत होता. कुणी बँकेत जायचं, कुणी लेकीकडे. एकदा येडबा आजारी करडू मांडीवर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला, तेव्हा किशनरावांनी करडालाही खिडकीची जागा दिली. किशनरावांनी पुढे बसून एकदा टक केलं की गाडी थांबे, दोनदा केलं की सुटे. नोकरीभर ड्रायव्हरच्या कलाने घेतलं आणि घरी बायकोच्या. आता दोन्ही एकाच जागी आल्यामुळे त्यांचा त्रास निम्मा झाला होता. घरात वांगी, तूप, हुरडा येऊन पडायचा. गाडीला मंगळवारची इतकी सवय लागली की सोमवारी संध्याकाळीच ती लिंबाखाली खाकरते, असं येडबा सांगे. आणि येडबा त्या फटफटीचा प्रसंग सोडला तर कधी खोटं वागलेला नाही.

वर्ष सरलं. सुगतचा फोन आला. मुंबईहून रेल्वेने तो मंगळवारी सकाळी परभणीला उतरणार होता.

"गाडी चालू आहे ना, बाबा? खरं सांगा. त्या बकरीचा मला अजून संशय आहे."

"टेसनाच्या भायेर उभी असंल," किशनराव म्हणाले. "शब्द हाय."

मंगळवारी सुगत दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन स्टेशनाबाहेर आला. गाडी उभी होती. धुतलेली, लखलखीत. त्याने बॅगा खाली ठेवल्या आणि तो तसाच पाहत राहिला, कारण स्टेअरिंगवर त्याची आई होती. शेजारी वडील. मागे कासाबाई, येडबाची बायको दैवशाला, आणि दोघींच्या मधे दैवशालाची सून चंदा, मांडीवर चार दिवसांचं बाळ. चंदाला त्याच दिवशी दवाखान्यातून घरी सोडलं होतं आणि डिकीत पाळणा होता.

"आई?" तो म्हणाला.

"दार जोरात लावू नको. लेकरू निजलंय."

सुगत इंजिनियर होता. त्याने बोनेटवर हात ठेवला आणि आईला गाडी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. गाडी एका फिरकीत चालू झाली. बाळ हललंसुद्धा नाही.

"बाबा," सुगत म्हणाला, "मला वाटलं नव्हतं."

"ठावं हाय."

"मग मी कुठे बसू?"

किशनरावांनी एकदा मागे वळून जागा मोजल्या. चेहरा पडला नाही. कंडक्टरचा पडत नसतो. "जागा न्हाई. मागून सेलूची एसटी यायलीय."

"पण तुम्ही म्हणाला होतात—"

"गाडी उभी असंल, असं म्हणलो होतो. तू बसशील असं कवा म्हणलो? म्या उतरलो असतो, पर कंडक्टरबिगर गाडी सोडता येत न्हाई." त्यांनी चिमटा दारावर दोनदा वाजवला. टक टक. गाडी निघाली.

सुगत एसटीत सेलूपर्यंत उभा आला. वालूरला पोचेपर्यंत घर माणसांनी भरलं होतं. येडबा पेढे घेऊन आला होता. कासाबाईने सुगतला चष्म्यातून नीट न्याहाळलं आणि गाडी इथे ठेवून गेल्याबद्दल त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. आपण तर वायर काढूनच निघालो होतो, असं तो सांगायला गेला, पण त्या घरात आभाराच्या भांडणात आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. शेवटी त्याने मान खाली घालून पेढा खाल्ला.

रजा संपली, आता नोकरी पुन्हा पुण्यात होती. सुगतने बॅगा बाहेर काढल्या, किल्ली खिशातून काढली आणि लिंबाखाली जाऊन उभा राहिला. गाडी पुण्याला न्यायचं त्याने विमानातच ठरवलं होतं. रुख्मिणीबाई उगीचच पदराने काच पुसत होत्या. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होत्या.

"पुण्यात ही नुसती उभी राहील," तो वडिलांना म्हणाला. "बॅटरी उतरायची." आणि त्याने किल्ली आईच्या हातात दिली. या खेपेला बोटं लगेच सुटली. "मीच येत जाईन महिन्याला. बॅटरी बघायला."

रुख्मिणीबाईंचा पदर काचेवरच थांबला.

"ये की," किशनराव म्हणाले. "पर मंगळवार सोडून ये. मंगळवारी जागा मिळायची न्हाई."