एकतिसावं मिनिट

माल पारखावा तो मीच. काचेच्या कारखान्यात बावीस वर्षं मी भांडार सांभाळतो. दारातून आत येणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या हाताखालून जाते आणि मगच नोंदवहीत चढते. वाळू असो, झाकणं असोत की नवा साहेब असो, पहिल्या पाच मिनिटांत मी सांगतो की हे प्रकरण किती दिवस टिकेल. माझा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि हे मी घरीही इतक्यांदा सांगितलंय की बायको आता नुसती हुं म्हणत नाही, "पुढे?" असं विचारते.

तर आमच्या कारखान्याचा एक बास्केटबॉलचा संघ आहे. संघ म्हणायचं, कारण पाच माणसं एका रंगाचे बनियन घालून एकाच दिशेनं धावतात. सहा कारखान्यांची स्पर्धा असते. जो शेवटचा येतो तो पुढच्या वर्षी स्पर्धेबाहेर. यंदा अर्ध्या स्पर्धेत आम्ही पाच सामने खेळलो आणि पाचही हरलो. पाचव्यात तर समोरच्यांनी शेवटची दहा मिनिटं त्यांच्या निवृत्तीला आलेल्या हिशेबनिसाला खेळवलं, आणि त्यानं चष्मा न काढता आम्हाला तीन बास्केट घातले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी निरोप धाडला. संघ बाहेर पडला, तर मागचं मैदान खोके रचायला घेणार.

हे सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या मेव्हण्यांना. मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू, भट्टीवरचे मुकादम आणि संघाचे प्रशिक्षक. ते मैदान त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः रोलर ओढून सपाट केलं होतं. त्यावरचे पांढरे पट्टे ते दरवर्षी गुडघ्यावर बसून, दोरी लावून, हातानं रंगवतात. त्यांच्या घराच्या भिंतींना रंग लागून किती वर्षं झाली हे वहिनींना विचारा. त्या दिवशी ते डब्याला शिवले नाहीत. बायकोनं मला संध्याकाळी दारातच गाठलं.

"दादाचं मैदान गेलं ना, तर तो दोन वर्षांत म्हातारा होईल. तुम्ही एवढे पारखी. काहीतरी करा की."

आता आव्हान दिल्यावर मी मागे हटतो होय!

नेमकं त्याच आठवड्यात साबण कारखान्यानं आपल्या ठिणगीला हाकललं होतं. ठिणगी हे त्याचं सगळ्या स्पर्धेत चालणारं टोपणनाव. सव्वासहा फूट उंची, मांजरासारखी चाल, आणि हात असे की चेंडू त्याच्याकडे स्वतःहून जायचा. पण नाकाच्या शेंड्यावर राग. एकदा त्यानं पंचाची शिट्टी काढून घेऊन खिशात घातली होती. एकदा बास्केट नाकारला म्हणून शिडी आणून जाळी सोडवली आणि ती काखेत मारून घरी गेला. शेवटच्या सामन्यात तो स्वतःच्याच कप्तानाच्या अंगावर धावून गेला, आणि साबणवाल्यांनी त्याला संघातूनही काढलं आणि नोकरीवरूनही.

त्याला घ्यायचं की नाही यावर जेवणाच्या सुट्टीत सभा भरली. मेव्हण्यांचं म्हणणं, काचेच्या कारखान्यात असला माणूस आणायचा म्हणजे आपणच आपल्या हातानं वाटोळं करायचं. आमच्या कप्तानाचं म्हणणं, हरतोच आहोत तर निदान करमणूक होईल. कप्तान यंत्रांचा फिटर आहे. त्याला सगळे पाना म्हणतात, आणि यंदा त्याच्या नावावर अजून एकही बास्केट नव्हता.

मी शांतपणे नोंदवही उघडली. मी संघाचा गुणलेखकही आहे. स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्याचा कागद माझ्या कपाटात तारीखवार लावलेला असतो. ठिणगीचे अकरा सामने मी उतरवून काढले होते. अकरापैकी आठ वेळा पंचानं त्याला बाहेर काढलं होतं. पण कधी? एकदाही तिसाव्या मिनिटाच्या आत नाही! राग यायला त्याला निदान बत्तीस मिनिटं लागत होती, आणि तोवर त्यानं सरासरी चोवीस गुण करून ठेवलेले असायचे.

"सामना चाळीस मिनिटांचा," मी म्हणालो. "आपण त्याला एकतिसाव्या मिनिटाला स्वतःच बाहेर बसवायचं. दूध उतू जायच्या आधी भांडं उतरवायचं, एवढंच."

मेव्हण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. साहेबांनी पाच सामन्यांपुरती परवानगी दिली, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे डॉक्टरी तपासणी करून, तिचा कागद माझ्या कपाटात लावून ठिणगी माल बांधणीच्या खात्यात रुजू झाला.

आता एकतीस मिनिटांचं गणित मैदानावर ठीक होतं. पण कारखान्यात पाळी आठ तासांची असते. म्हणून मी सर्वांना बोलावून सूचना दिल्या. त्याच्याशी हळू आवाजात बोलायचं. वाद घालायचा नाही. जड खोका उचलू द्यायचा नाही, कारण पायावर पडला तर पहिला संताप तिथेच व्हायचा. उन्हात उभं करायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे आपण का करतो, याचा त्याच्यापाशी चकार शब्द काढायचा नाही.

माझ्या सूचना इतक्या मनापासून पाळल्या गेल्या की पुढच्या चार आठवड्यांत त्या कारखान्यात कोणी कोणाला मोठ्यानं हाक मारली नाही. ठिणगी दारात दिसला की दोघं उठून त्याला खुर्ची द्यायचे. त्यानं खोक्याला हात लावला की चौघं धावायचे. भट्टीवर चाळीस वर्षं ओरडण्यात गेलेले मेव्हणे त्याच्याशी बोलताना मंदिरात आल्यासारखे कुजबुजायचे. आणि प्रत्येक सामन्यात एकतिसाव्या मिनिटाला मी बोट वर केलं की मेव्हणे त्याला बाहेर घ्यायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि म्हणायचे, "बस झालं हं आता. जपायला हवं."

चारपैकी तीन सामने आम्ही जिंकलो! गुणतक्त्यात आमच्या खाली कोणीच नव्हतं, तिथे आता बरोबरीला साबणवाले आले. ठिणगी गेल्यापासून ते हरत सुटले होते. शेवटचा सामना त्यांच्याशीच, आणि तो आमच्याच मैदानावर. जिंकेल तो राहील, हरेल तो बाहेर. ठिणगीच्या रागाचा तर मागमूस नव्हता. मी भांडारात मिशीला पीळ देत बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचो, माल कसा आहे?

सामन्याच्या दिवशी ठिणगी मैदानात आला तो अंड्यांवरून चालल्यासारखा. पाऊल जपून टाकत होता. चेंडू अंगावर आला की बाजूला होत होता. दोनदा तर छातीवर हात ठेवून त्यानं खोल श्वास घेतला. त्याच्या हातून चेंडू काढून घेणारा साबणवाला स्वतःच दचकून थबकला आणि पंचाकडे बघायला लागला, की यात काही डाव तर नाही? अर्धा सामना संपला तेव्हा आम्ही चौदा गुणांनी मागे होतो. मेव्हणे खाली मान घालून त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होते. मला ते बघवेना.

मी ठिणगीला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि हळू आवाजात विचारलं, बाबा रे, होतंय काय तुला?

त्यानं माझा हात हातात घेतला. "काका, मला खरं सांगा. माझ्याकडे किती दिवस आहेत?"

"कसले दिवस?"

"डॉक्टरांनी तपासलं, कागद तुमच्या कपाटात गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कारखान्याचा आवाज बसला. मला कोणी ओझं उचलू देत नाही. उन्हात उभं राहू देत नाही. तीस मिनिटं झाली की मुकादम डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, जपायला हवं. मी काय लहान आहे? हृदयाचं आहे ना? मी आईला अजून सांगितलेलं नाही."

मंडळी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. चार आठवडे हा जीव मरणाची वाट बघत होता आणि मी त्याला सुधारणा म्हणून वहीत टिपत होतो. आता खरं सांगितलं तर चार सामन्यांचा साठलेला राग एकदम माझ्यावर निघणार, हे मला दिसत होतं. पण टाकीच्या कडेनं मेव्हण्यांची वाकलेली पाठही दिसत होती. मी डोळे मिटले आणि सगळं एका दमात ओकून टाकलं. तुझं हृदय बैलासारखं आहे. कागदावर एक दात किडलाय याखेरीज काही नाही. तुझ्या डोक्याची भीती वाटते म्हणून हे सारं, आणि ही अक्कल माझी.

मी दोन्ही हात डोक्यावर धरले. मग तो हसायला लागला. आधी हळू, मग टाकीला धरून, मग जमिनीवर बसून. उठला तो मला लहान मुलासारखा उचलून एक गिरकी घेऊन मैदानात पळाला.

त्यानंतर जे झालं ते माझ्या कागदावर आहे, कोणीही येऊन बघावं. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला राग कशाचा येणार? साबणवाल्यांनी त्याला कोपर मारलं, त्यानं मारणाऱ्याची पाठ थोपटली. त्याच्या जुन्या कप्तानानं कानाशी येऊन काहीबाही म्हटलं, तर त्यानं कप्तानाच्या मुलीची चौकशी केली. कप्तान त्या धक्क्यातून सावरेपर्यंत आमचे आणखी दोन बास्केट झाले होते. चौदाचे नऊ झाले, नऊचे चार. एकतिसावं मिनिट आलं. मेव्हण्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. खेळू दे!

अडतिसाव्या मिनिटाला आम्ही एकसष्ट, ते साठ. आणि ठिणगीनं कोपऱ्यातून उडी घेऊन आणखी एक बास्केट घातला. त्रेसष्ट! मी लिहिलंसुद्धा. तेवढ्यात पंच म्हणाले, पाय पट्ट्याबाहेर होता, खोडा.

खोडा?

माझ्या वहीत बावीस वर्षांत खाडाखोड नाही. मी पंचांना सौम्यपणे सांगितलं की लिहिलं ते लिहिलं. ते पुन्हा म्हणाले, खोडा. मग नक्की काय झालं ते मला नीट आठवत नाही. साक्षीदारांच्या सांगण्यावरून, मी आधी टेबलावर उभा राहिलो. तिथून मी पंचांचा चष्मा, त्यांचं शिक्षण आणि शिट्टीपलीकडे त्यांना काही येतं का या विषयांवर बोललो. मग पेन्सिल मोडून तिचे दोन तुकडे त्यांच्या दोन खिशांत टाकले. शेवटी नोंदवही छातीशी धरून मैदानाच्या मधोमध मांडी ठोकून बसलो आणि जाहीर केलं की त्रेसष्ट झाल्याशिवाय उठणार नाही.

मला उठवलं ठिणगीनं. खांद्यावर टाकून बाहेर नेताना तो पंचांना नमस्कार करत सांगत होता, "माफ करा साहेब. माणूस मनाचा चांगला आहे. फक्त राग आवरत नाही."

मला फाटकाबाहेर काढून कडी लावली. माझ्या प्रतापाबद्दल साबणवाल्यांना एक फुकटचा फेक मिळाला आणि तो त्यांनी घातला. एकसष्ट-एकसष्ट. ही बातमी मला फाटकाच्या फटीतून पहारेकऱ्यानं दिली, आणि पुढचं काही सांगायच्या आत तो स्वतःच बघायला पळाला. मी भिंतीला कान लावून उभा. मेव्हण्यांचं मैदान घालवलं तर आपणच घालवलं, ही नोंद मनात वाचत होतो. आत बूट करकरत होते. चेंडू आपटत होता. मग आपटायचा थांबला.

मग जो कल्लोळ उठला, तो कोणाचा हे कळेना! मी भिंतीवर चढायचा प्रयत्न केला, घसरलो, आणि फाटक उघडून मेव्हणे बाहेर आले तेव्हा मी जमिनीवर होतो. ते माझ्याशेजारी धुळीत बसले. रडत होते. मग म्हणाले, "दाजी, पाना!"

तीन साबणवाले ठिणगीला घेरून उभे होते. चार सेकंद उरले होते. आधीचा ठिणगी तिघांच्या अंगावरून गेला असता. यानं हसत चेंडू पानाकडे टाकला, आणि पानानं डोळे मिटून यंदाचा आपला पहिला आणि एकमेव बास्केट घातला. त्रेसष्ट-एकसष्ट. आम्ही राहिलो! मैदान राहिलं! मेव्हणे दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळात रंगाचा डबा घेऊन हजर होते, आणि साहेबांनी खोके स्वतःच्या केबिनमागच्या व्हरांड्यात रचायला सांगितले.

ठिणगी कायम झाला. पारखायला मी चुकलो नव्हतो, हे तुम्हीही मान्य कराल. घरी मात्र बायको "पुढे?" विचारते तेव्हा मी पाणी प्यायला उठतो. कारण स्पर्धा समितीचं पत्र आलं. गैरवर्तनाबद्दल यंदा एकाच माणसावर पुढच्या पाच सामन्यांची बंदी घालण्यात येत आहे, लेखी माफी मागावी. ते पत्र घेऊन मी भांडारात सुन्न बसलो होतो, तर ठिणगी आला. त्यानं पत्र जाणकाराच्या नजरेनं वाचलं, खुर्ची ओढली आणि मला कोरा कागद पुढे घ्यायला सांगितला.

"मी सांगतो तसं लिहा, काका. माझी आठही माफीपत्रं मंजूर झालीत. सुरुवातीला 'क्षणिक आवेशात' लिहायचं. आणि पंचांची आई मध्ये आणली होती का, ते आधी खरं सांगा. तिचा परिच्छेद वेगळा असतो."