चालू घरांचा नकाशा

चहाच्या टपरीवरून कुणी नुसतं उठलं, तरी आमचे भानुदास सर त्याचं मनगट धरतात आणि विचारतात, "ढकल का ओढ?"

उठणाऱ्याला बिचाऱ्याला लघवीला लागलेली असते. पण सरांचं म्हणणं असं, की माणूस जागा सोडतो ती दोनच कारणांनी. एक तर इथलं काहीतरी त्याला ढकलतं, नाहीतर तिथलं काहीतरी ओढतं. तिसरं कारण मानवी भूगोलात नाही, म्हणजे जगात नाही. सरांनी तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत, शिरूर कासारला, हेच शिकवलं. पुढं निवृत्त झाले, पण त्यांचा तास काही सुटला नाही. आता सगळं गाव त्यांच्या वर्गात आहे आणि हजेरी सक्तीची आहे.

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मागच्या जन्मीचं पाप, दुसरं काय! इतक्या वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. "ए मराठी" म्हणतात.

एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. लोक बुंदीकडं बघत होते, सर घनता बघत होते. "एका पट्टीवर अकरा मानसं! लई दाट वस्ती हाय बे. वाढप्याला पाय ठिवाया जागा न्हाई. चल, विरळ वस्तीत बसू." मला भरल्या पत्रावळीवरून उठवलं आणि मांडवाच्या टोकाला नेलं. तिकडं वाढपी फिरकलाच नाही. "सेवा केंद्रापासून अंतर वाढलं," सर म्हणाले, आणि वर समाधानानं मान हलवली. शास्त्र खरं ठरलं, मी उपाशी घरी आलो.

बायकोलाही त्यांनी सोडलं नव्हतं. सुमनवहिनी एकदा माहेरी, पालीला निघाल्या होत्या. त्यांचा एक पाय एसटीच्या पायरीवर, तेवढ्यात सरांनी विचारलंच, "ढकल का ओढ?" वहिनी वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ढकल! लई दिवसांची!" अख्खी एसटी हसली, कंडक्टरसुद्धा. गावात अजून कुणी कुठं निघालं की लोक हेच वाक्य म्हणतात.

पण सरांचं खरं येड म्हणजे नकाशा. त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर गावाचा हातानं काढलेला मोठा नकाशा आहे. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं. गेलेल्यांची घरं सर पांढरी ठेवतात. आत पेन्सिलीनं लिहितात, कोण गेलं, कुठं गेलं, आणि 'ढ' किंवा 'ओ'. माणसं परत आली, की पेन्सिल खोडून घर लाल रंगवतात. जे कायमचेच गेले, त्यांच्या नावावर फुली.

व्याख्या पक्की. "चूल पेटती ते घर. कुलूप लावलं की निस्तं बांधकाम." पूर्वी ते सकाळी गच्चीवर चढून धूर मोजायचे. पुढं घरोघर गॅस आला, धूर बंद झाला आणि शास्त्रावर संकट कोसळलं. पण सर कसले हटतात! ते गल्लीतून फिरत कुकरच्या शिट्ट्या ऐकायला लागले. एकदा द्वारकाकाकूंनी त्यांना दाराशी धरलं. "कावून ओ सर, माझ्या दाराला कान लावून उभं राहिलात?" सर म्हणाले, "तुमचं घर चालू हाय का बघत होतो." काकूंनी त्यानंतर जे सांगितलं, ते कुठल्याच भूगोलात नाही.

ऊसतोडीच्या कामात मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. यावर सरांचं डोकं भडकायचं. "मानसं मोजा की बे! हत्यारं काय मोजता?" त्यांचे आईबाप जन्मभर एक कोयता म्हणून मोजले गेले होते, हे मला वहिनींनी सांगितलं. सर स्वतः कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांमागं श्रावणात वहिनी वारल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत बाई गेली. सरांनी खानावळीचा डबा लावला आणि आम्हाला पीडा देणं चालू ठेवलं. आम्हाला वाटलं, माणूस दगडाचा आहे.

यंदा त्यांच्या मुलाचा, विलासचा, पुण्याहून मला फोन आला. "काका, रविवारी बाबांना कायमचं न्यायला येतोय. ते हो म्हणालेत. जरा सामान बांधायला मदत करा." मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला! आता पंगतीत पोटभर जेवीन. शनिवारी सकाळी हसतहसत गेलो.

सर ओसरीवर पेटी भरत होते. इतक्या वर्षांचा सूड एकदाच उगवावा म्हणून मी विचारलं, "काय सर, ढकल का ओढ?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "नियम बे. चूल पेटती ते घर. हितं डबा येतो. पोराकडं चूल हाय."

मी नकाशाकडं पाहिलं. आजवर मी त्यात फक्त माझं घर लाल आहे ना, एवढंच बघत आलो होतो. शेजारचं कधी बघितलंच नव्हतं. सरांचं घर पांढरं होतं. आत पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, 'सुमन'. कुठं गेली, ते लिहिलं नव्हतं. त्यापुढं, 'ढ न्हाई, ओ न्हाई'.

फुली नव्हती.

"सर, हितं फुली ऱ्हायली की."

त्यांनी पेटीची कडी लावली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "हंगाम तर संपू दे." आणि कडी परत लावत, "मी आता अर्धा कोयता हाय, मराठी. अर्ध्या कोयत्याला कोन ठिवून घेतं?"

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो. मी तडक स्वयंपाकघरात घुसलो, फळीवरचा कुकर काढला, धूळ धुतली, घरून डाळ-तांदूळ आणले आणि गॅसवर चढवला. शिट्टी झाली. ओसरीवरून सवयीनं आवाज आला, "एक." बाहेर येऊन बघतो तर सरांच्या हातात लाल खडू. पण त्यांनी तो परत डबीत ठेवला.

"तू पाव्हणा. पाव्हण्याची शिट्टी धरत न्हाईत."

"मग तुमी लावा की कुकर!" मी ओरडलो. "हात मोडलेत का?" आणि चपला न घालताच घरी आलो.

रविवारी विलासची गाडी माझ्या दारात लागली, तेवढ्यात भिंतीपलीकडं शिट्टी झाली. दुसरी झाली, तिसरी झाली. सातवीला करपल्याचा वास आला, तसे आम्ही दोघं आत पळालो. सर नकाशासमोर उभे होते, बोटं लाल.

"विलास, पुन्यात घनता लई हाय," ते म्हणाले. "आन हे घर चालू झालंय. चालू घराला कुलूप लावत न्हाईत."

विलासनं नकाशा पाहिला. घर लालभडक रंगवलं होतं. 'सुमन' एवढं नाव मात्र सोडून, त्याच्या कडेकडेनं. त्यानं आत जाऊन तीन ताटल्या आणल्या. आम्ही तिघांनी करपलेली खिचडी खाल्ली. माणसाला खाववणार नाही अशी होती.

तिन्हीसांजेच्या आत विलास एकटाच परत निघाला. तो गाडीत बसत होता, तेवढ्यात सरांनी दार धरलं आणि विचारलं, "ढकल का ओढ?"

विलासनं त्यांच्याकडं पाहिलं आणि अगदी आईच्या सुरात म्हणाला, "ढकल! लई दिवसांची!"

सर खदखदून हसले. मग हसतहसतच त्यांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि आत गेले.