बाबलीच्या बंपरवरचं मेण

"गाडी अशी चमकवतंय बघ, की व्याही बॉनेटात बघून भांग पाडतीत!"

लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी, मेणाच्या पॉलिशचा डबा उघडता उघडता बाबलीने बायकोला बजावलं. तारकर्लीत पर्यटकांना डॉल्फिन दाखवून, आणि डॉल्फिन आलेच नाहीत तर "आत्ताच गेले!" असं शपथेवर सांगून, त्याने ही गाडी घेतली होती. जुनी होती, पण अनुजाच्या सासरी, पिंगुळीला, ती नव्यासारखी दिसायला हवी होती. पहिल्यांदाच सगळा गोतावळा जमणार! तिथे फजिती झाली की पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

बाबली अंगात आल्यासारखा घासत सुटला. बॉनेट, दारं, टप. त्याच भरात खालचा काळा, खडबडीत बंपर आणि चाकांवरच्या पट्ट्याही त्याने सारवून काढल्या. मग ऐटीत चहा प्यायला गेला.

परत येऊन बघतो तर काय! मेण उन्हात वाळून प्लास्टिकच्या खाचाखाचांत बसलेलं. काळा बंपर पांढराफटक! फणसाला चुना फासावा तसा!

"ह्या काय केलास?" बायकोने, सुभद्राने, कपाळावर हात मारला. "गाडयेक कोड फुटला!"

बाबलीने कोरड्या फडक्याने पुसलं. मेण आणखी आत घुसलं. साबण लावून दात घासायच्या ब्रशने खरवडलं. ब्रशचे केस गळले, मेण हसत राहिलं! शेवटी खोबरेल चोळलं आणि बंपर काळाभोर झाला.

"बघ! डोक्या लागता!" बाबली म्हणाला.

तासाभराने ऊन चढलं, खोबरेल जिरलं आणि पांढरे डाग पुन्हा गावभर मिरवायला हजर!

एवढ्यात शेजारचा महादू कुंपणाला टेकला. महादूचं आयुष्य होड्यांवर गेलेलं, त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे होडीचंच औषध.

"मोरीचा तेल लाव मेल्या! होडयेक लावतंव ता. वरसभर काळी कुळकुळीत ऱ्हवता."

"वास येतलो मरे!"

"कसलो वास? माका तर कधी इलो नाय."

मोरी, म्हणजे शार्क माशाचं तेल! बाटलीचं बूच उघडताच अंगणातले कावळे गप्प झाले. पण बाबलीने ते बंपरला चोपडलं आणि चमत्कार झाला. मेणाचा मागमूस नाही! बंपर असा काळा, की बघणाऱ्याने नमस्कार करावा.

मग मांजरं आली. आधी महादूचं, मग वाडीतली सगळी. दुपारी गाडी निघाली तेव्हा मागून मांजरांची मिरवणूक, आत नाकाला पदर लावलेली सुभद्रा आणि "बाबा, आज गुरवार आसा! मार्गशीर्षातलो!" म्हणून रडकुंडीला आलेली अनुजा. होणाऱ्या सासूबाई, सीताबाई, मार्गशीर्षात घरात सुकटीचं नावसुद्धा घेऊ देत नसत!

बाबलीने हुशारी केली. गाडी साखरपुड्याच्या हॉलपासून लांब, काजूच्या झाडाआड लावली, बंपरवर शेवटचा हात फिरवून तो पँटीला पुसला आणि निर्धास्त होऊन आत जाऊन बसला.

पण नवरामुलगा विनीत हौशी. सासऱ्याची चकाचक गाडी दिसताच तो मित्रांना घेऊन फोटो काढायला गेला. एक फोटो दाराशी, एक बॉनेटपाशी आणि एक थेट बंपरवर बूड टेकून!

तो तसाच येऊन अनुजाशेजारी पाटावर बसला. मागोमाग हॉलवरचं मांजर आलं आणि त्याच्या सलवारीला अंग घासू लागलं. भटजींनी मंत्र थांबवून नाक मुरडलं. सीताबाई वाकल्या, त्यांनी लेकाचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"विनीत! आज गुरवार! खरा सांग, काय खाल्लंस?"

अनुजाचे डोळे भरले. आता सगळं सांगून टाकायचं, पोरीचं लग्न मोडायला नको, असं ठरवून बाबली उठला, घसा खाकरला, "विहिणबाई, ता काय झाला..."

"आये!" विनीत मध्येच ओरडला. "दोनच बांगडे खाल्लंय! ते पण मित्रांनी आग्रह केल्यानी म्हणान!"

बाबली जसा उठला तसा खाली बसला.

सीताबाईंनी शरमेने हात जोडले. "व्याहीनू, माफ करा. झील तसो वायट नाय. तुमी आता नको म्हणू नकात."

"छे छे! आसांदे हो," बाबली संतासारखा हसला. "वयच तसा! पोरांका सांभाळून घेवक होया. घाला अंगठी!"

अंगठी घातली गेली, टाळ्या पडल्या. बाबली विजयी मुद्रेने बायकोकडे वळला. सुभद्रा मात्र दाराकडे बघत होती.

"मोठेपणा मगे करा," ती ओठ न हलवता म्हणाली. "आधी पाय वर घेवा. तुमच्या पँटीकडे दुसरा मांजार येता."