मेस्त्रींची पाणबुडी

कोंडुर्ली बंदरातल्या मेस्त्री घराण्याच्या हातची कुठलीही वस्तू पाण्यात बुडत नाही. त्यामुळे हेमांगीने रेडिओवर चालणारी छोटी पाणबुडी करायला घेतली, तेव्हा घरातले सगळे कानकोंडे झाले.

हे न बुडणं चार पिढ्यांचं. मेस्त्रींची होडी उलटते, फुटते, काठोकाठ भरते, पण तळाला जात नाही. हेमांगीच्या आजोबांनी एकदा हौसेने शाडूचा गणपती केला. विसर्जनाला तो गावाकडे तोंड करून तीन दिवस पाण्यावर बसून राहिला आणि भटजींना किनाऱ्यावरून दोन्ही वेळची आरती करावी लागली. तेव्हापासून घरची मूर्ती विकत आणतात. हेमांगीने लग्नानंतर सासरी केलेली पहिली भाकरी आमटीत कुस्करली तरी वरच राहिली. सासरे समजूतदार, त्यांनी आमटी वेगळी प्यायली.

बंदरातल्या शेहेचाळीस होड्या हेमांगीच्या बाबांनी, बाबल मेस्त्रींनी, बांधलेल्या आहेत. होडीच्या परवान्याच्या अर्जात एक रकानाच आहे, ‘मेस्त्रींची आहे काय?’ तिथे ‘होय’ लिहिलं की पुढचे सहा रकाने भरावे लागत नाहीत.

हेमांगी तंत्रनिकेतनातली यंत्रशाळा सांभाळते. यंदा जिल्ह्याच्या नौका-प्रतिकृती स्पर्धेत पाणबुडीचा गट निघाला आणि तिने नाव घातलं. नियम साधा होता. एक मिनिट पाण्याखाली, मग वर, असं दोनदा. पण खरं सांगायचं तर तिला बक्षिसाची हाव नव्हती. होडी पुरी झाली की बाबा शेवटचा खिळा ठोकतात, फळीवर तळहात ठेवतात आणि म्हणतात, ‘झाली.’ त्यांनी हे म्हटल्याशिवाय मेस्त्रींची होडी झालेली धरत नाहीत. तो शब्द बाबांनी एकदा तिच्या कामावर मनापासून खर्च करावा, एवढंच तिला बेचाळीस वर्षं हवं होतं.

सांगाडा तयार झाल्यावर तिने तो बाबांना दाखवला. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता हात लावला आणि म्हणाले, “झाली.” पोरीच्या भातुकलीला म्हणावं तसं. पण शब्द तो शब्द. त्या क्षणापासून पाणबुडी बुडेना.

पाणबुडीच्या पोटात एक टाकी असते. तिच्यात पाणी घेतलं की ती जड होऊन खाली जाते, पाणी बाहेर टाकलं की वर येते. याला बॅलास्ट म्हणतात. हेमांगीने जाड सिरिंजला मोटर जोडून सुबक बॅलास्ट केला. गणित चोख होतं. टाकी भरली, पाणबुडी चाचणीच्या हौदात वरच. तिने पोटात शिसं घातलं. चार किलोच्या पाणबुडीत नऊ किलो शिसं झालं, तरी तिची पाठसुद्धा नीट भिजली नाही.

मग एका दुपारी वरच्या पट्टीचा स्क्रू बदलायला तिने काढला आणि पाणबुडी हातातून निसटून हौदात पडली. ती सरळ तळाला गेली.

हेमांगी हौदाच्या काठावर बसली आणि नीट विचार केला. एक स्क्रू कमी म्हणजे वस्तू अजून झालेली नाही. जी झालेली नाही ती मेस्त्रींची नाही, आणि जी मेस्त्रींची नाही तिला बुडायला कोणाची आडकाठी? तिने सिरिंज काढली, बुडण्यापुरतं ठेवून बाकीचं शिसं काढलं आणि पट्टीवरचा तो एकच स्क्रू फिरवणारी चिमुकली मोटर बसवली. साडेतीन फेरे सैल केला की पाणबुडी खाली. असा बॅलास्ट जगात कोणी केला नव्हता आणि तिला त्याचा मनस्वी अभिमान वाटला.

अडचण एकच होती. स्क्रू परत कसला तरी पाणबुडी तळालाच. खिळा बदललेल्या होडीवर बाबांनी पुन्हा हात ठेवून ‘झाली’ म्हणावं लागतं, तसंच हे.

बाबांनी साफ नकार दिला. “बुडणाऱ्या वस्तूक मी झाली म्हणूचंय नाय. शेहेचाळीस होडये माझ्या नावावर दर्यात जातत.”

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष दाजी खवणेकर यांनीही लेखी हरकत घेतली. मेस्त्रींची एक वस्तू बुडाली की सगळ्यांचे सहा-सहा रकाने उघडे पडणार होते. हेमांगी संस्थेच्या बैठकीला गेली.

“दाजी, ती बुडते तेव्हा झालेली नसते,” ती म्हणाली. “झाली की वर येते. मग मेस्त्रींचं काय बुडालं?”

दाजींनी चष्मा काढून पुसला. मुद्दा नियमात बसत होता. ‘न झालेली वस्तू मेस्त्रींची धरू नये’ असा ठराव एकमताने झाला.

“ठराव तुमचो,” बैठकीला आलेले बाबा म्हणाले. “शब्द माझो. बघल्याशिवाय मी म्हणूचंय नाय.”

स्पर्धेच्या दिवशी बाबा आणि दाजीही तळ्यावर आले. परीक्षक निकम सरांनी अर्ज वाचला. बॅलास्टचा प्रकार या रकान्यात हेमांगीने लिहिलं होतं, ‘एक स्क्रू व एक शब्द.’

“शब्द कुठे बसवलाय?” सरांनी विचारलं.

“तो बाबांकडे असतो.”

सरांनी तशी नोंद केली.

पाणबुडी खाली गेली. मिनिट झालं. हेमांगीने स्क्रू कसला. पाणबुडी हलली नाही. बाबा काठावर उकिडवे बसले आणि नितळ पाण्यात बघू लागले.

“स्क्रू कशाचो?”

“पितळी, बाबा.”

“गंजतलो?”

“नाही.”

“सरळ बसता?”

“साडेतीन फेऱ्यांत.”

बाबा बराच वेळ बघत राहिले. होडीची फळी बघताना त्यांचा चेहरा होतो तसा झाला होता. मग त्यांनी पाण्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, “झाली.”

पाणबुडी वर आली. हेमांगीला रडू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

दुसऱ्या खेपेला तिने स्क्रू सैल केला, पाणबुडी खाली गेली आणि निकम सर घड्याळ धरून मोजू लागले. बाबा मात्र आता ताळ्यावर नव्हते. त्यांनी दाजींचा दंड धरला होता.

“बघलंस मां? माझ्या चेडवान, हेमांगीन केल्यान! असला काम माझ्या बापाशीक जमूक नाय. अरे, झाली म्हणजे काय, झालीच!”

एकेचाळिसाव्या सेकंदाला पाणबुडी वर आली. स्क्रू साडेतीन फेरे सैलच होता.

एकोणीस सेकंद कमी पडले म्हणून तिला दुसरा क्रमांक मिळाला. त्यानंतर ती पाणबुडी परत कधी बुडाली नाही; स्क्रू काढून बघितला, मोटर काढून बघितली, तरी नाही. दाजींनी स्वतः तिचा परवान्याचा अर्ज भरला आणि त्या रकान्यात ‘होय’ लिहिलं.

पाणबुडी आता बाबांच्या कारखान्यात, दारातल्या हौदात असते. तो स्क्रू हेमांगीने परत घातला, पण अजून कसलेला नाही; बाबांचा शब्द पुरतो.