शेठजींच्या तोंडावरची खिडकी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधराने कॉम्प्युटर चालू केला, आपल्या प्रोग्रामवर टिचकी मारली, आणि पडद्यावर पुंजारामशेठच तेवढे दिसत राहिले.

पुंजारामशेठ म्हणजे नागापूर एमआयडीसीतल्या या वर्कशॉपचे मूळ मालक. ते मागच्या साली वारले. दसऱ्याला लेथला, ड्रिलला झेंडूच्या माळा पडल्या, तशी कॉम्प्युटरचीही पूजा झाली, आणि मालकीणबाई केशरबाईंच्या हौसेखातर यशोधराने शेठजींचा फोटो पडद्यावर अख्खा पसरला. फेटा, झुपकेदार मिशा, आणि डोळे असे की काम न करणाऱ्याने तिथून उठावंच.

कोणतं काम कोणत्या मशीनवर चाललंय ते दाखवणारी प्रोग्रामची खिडकी या फोटोवर उघडायला हवी होती. ती उघडेना. पडद्याच्या तळाला करड्या पट्टीवर प्रोग्रामचं नाव आलं होतं, म्हणजे तो चालू होता. दिसत तेवढा नव्हता.

आणि आजच पुण्याहून गिऱ्हाईक येणार होतं, खास हा प्रोग्राम बघायला. केशरबाईंनी बजावून ठेवलं होतं, "त्येंना पटलं तर तू कायम. न्हाई पटलं तर हा डबा बी जाईल अन् तू बी परत तुझ्या गावाला, जामखेडला."

"शेठजी आडवे आलेत," वेल्डर जालिंदर दारातून म्हणाला. "हयात हुते तवा म्हनायचे, ज्याला तेल लागत न्हाई ते मशीनच न्हवं."

"तू जा, वेल्डिंग कर."

"कुकू आत गेलं आसंल," केशरबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलफॅन आणून कॉम्प्युटरवर सोडला. आतलं माहीत नाही, पण वरचं कुंकू उडालं ते थेट यशोधराच्या तोंडावर. तशीच लालबुंद बसून तिने प्रोग्राम पुसला, फ्लॉपीवरून नवा टाकला. टिचकी मारली. शेठजी.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. पुण्याचे साहेब उतरले.

"चांदभाई, कसंबी करून थोडा वेळ काढा ना," यशोधरा काकुळतीला आली.

चांदभाई जुना टर्नर आणि त्याहून जुना चावट माणूस. "काळजी करू नको पोरी. साहेब आता माझा."

त्याने साहेबांच्या हाती मायक्रोमीटर दिला आणि ढिगातला एक बुश, लेथवर कातलेलं नळकांडं, मोजायला लावला. साहेबांनी मोजून परत दिला. चांदभाईने हात पाठीमागे नेला, तोच बुश पुढे आणला. "आता ह्यो बघा." साहेबांनी मोजला. "आता ह्यो."

"कमाल आहे," साहेब म्हणाले, "केसाचाही फरक नाही."

"हितं समदे असेच निघत्यात साहेब. घ्या, अजून एक."

आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. ढिगातले सगळे बुश तसेच होते. वाकायचा कंटाळा, एवढंच.

इकडे यशोधराने विचारलं, "बाई, काल पूजेत माउसला कोणी हात लावला होता?"

केशरबाई पदर सारखा करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीच. आगं, ती तुझी चौकट बरोब्बर ह्यांच्या तोंडावर. मानूस गेलं म्हनून काय तोंडावर पाटी ठिवायची? सरकवली, तर मिशीवर आली. अजून सरकवली, तर हनुवटीवर. मग खाली, खाली, पार त्या पट्टीमागं घातली. मग हात जोडले."

यशोधरा कपाळाला हात लावून हसायलाच लागली. खिडकी बंद करताना जिथे असेल ती जागा एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि उघडताना वाचून तिथेच मांडायची, ही करामत तिनेच प्रोग्रामला शिकवली होती, आणि वर आठवडाभर मिरवलीही होती. नवा प्रोग्राम टाकताना ती फाइल तिने जपून तशीच ठेवली होती. प्रोग्राम बिचारा मालकिणीच्या शब्दाबाहेर नव्हता. दर वेळी इमानाने पट्टीमागे जाऊन बसत होता.

तिने फाइल उघडली, वरून किती अंतर सोडायचं तो आकडा कमी केला, आणि प्रोग्राम पुन्हा चालू केला. खिडकी आली. नेमकी हनुवटीखाली, शाल पांघरल्यासारखी.

"बाई, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून वाचले. लई उपकार झाले."

"गप. साहेब आले."

साहेब आत येऊन पडद्यापुढे वाकले. "छान आहे हो. पण खालच्या ओळी दिसत नाहीत. खिडकी जरा वर घेता का?"

वर म्हणजे शेठजींच्या तोंडावर. यशोधराने केशरबाईंकडे बघितलं. दारात चांदभाई आणि जालिंदर श्वास रोखून उभे.

केशरबाईंनी माउस स्वतःच्या हातात घेतला आणि खिडकी ओढली. हनुवटी गेली, मिशा गेल्या, डोळे गेले. फेट्याचा तुरा तेवढा वर राहिला. साहेबांनी सगळ्या ओळी वाचल्या, मान हलवली, आणि ऑर्डर देऊन गेले.

यशोधराला कायम केल्याचं केशरबाईंनी तिथंच सांगितलं. पोरीने वाकून नमस्कार केला, आणि घाईघाईने म्हणाली, "बाई, खिडकी घेते खाली."

"ऱ्हाऊ दे," केशरबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. "उपकार तर तुझेच माझ्यावर. ह्यांना एवढं गप मला जल्मात करता आलं न्हवतं."