शून्य अंशाचा वाकडा पाय

पाय सरळ आहे की वाकडा हे कळायला माणसाला दोन डोळे दिलेले आहेत आणि ते फक्त डॉक्टरांना वापरता येत नाहीत, असं इस्पितळात प्लास्टर घालणाऱ्या प्लास्टरमामांचं तीस वर्षांच्या नोकरीतलं ठाम मत होतं. त्यामुळे हाडांच्या विभागात गुडघा बदलायला शिकवण्यासाठी कॉम्प्युटर आला, तेव्हा मामांना हसू आवरेना. यंत्र म्हणजे काय, तर खांबावर कॅमेरा, पुढे पडदा आणि हाडांत रोवायच्या दोन दांड्या. दांड्यांवर चकचकीत गोळ्या. कॅमेरा गोळ्यांकडे बघणार आणि करवत किती तिरकी धरलीय ते पडद्यावर सांगणार.

"एवढं शिकून यांना गुडघा सापडत नाही?" मामा कँटीनमध्ये सांगत सुटले. "पायाच्या मध्यावर असतो. मला विचारायचं."

हसू एकाच ठिकाणी अडायचं. सोमवारी त्याच यंत्रापुढे मामांचा स्वतःचा उजवा गुडघा जाणार होता. तो इतका झिजला होता की जिना दिसला की मामांच्या आधी तोच खाली बसायचा. करवत धरणार होती चष्मेवाली, विभागातली शिकाऊ डॉक्टर. अट एवढीच, की शुक्रवारच्या सरावात तिने प्लास्टिकचा पाय सरळ करून दाखवायचा.

शुक्रवारी बाहेरचे दहा-बारा डॉक्टर बघायला आले. विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी भाषण ठोकलं. या यंत्राने आंधळाही सरळ गुडघा बसवील, असं ते तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा चष्मेवालीकडे बघून म्हणाले. टेबलावर कंबरेचा प्लास्टिकचा सांगाडा होता, त्याला मांडीचं हाड, खाली नडगी. सांगाडा टेबलाला आवळणारा शिकंजा ऐन वेळी निसटला. त्याचे आटे गेले होते. मोठ्या डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सांगाडा धरून उभं राहायला मामांना बोलावलं. काम सोपं होतं. हलायचं नाही. मामांनी हे तीस वर्षं लोकांना दरडावून सांगितलं होतं.

आता, खुब्याचा मध्य कुठे आहे हे यंत्राला आपोआप कळत नाही. मांडी धरून गोल गोल फिरवावी लागते. गोळ्या कशा फिरल्या त्यावरून कॅमेरा मधला बिंदू काढतो आणि पुढची सगळी मापं त्या बिंदूवरून. चष्मेवालीने मांडी फिरवायला घेतली आणि मामांचा गुडघा ठणकायला लागला. मामांनी भार डाव्या पायावर टाकला. डावा भरून आला, तसा पुन्हा उजव्यावर. सांगाडा मामांनी छातीशी धरलेला. मामा डुलले की तोही डुलायचा.

यंत्र कोकललं. पडद्यावर लाल पाटी आली: माप जुळत नाही, पुन्हा घ्यायचं का? चष्मेवाली हळूच म्हणाली, पुन्हा घेते सर. मोठे डॉक्टर पाहुण्यांकडे बघून हसले, यंत्रंही कधीकधी लाडात येतात म्हणाले आणि स्वतःच्या बोटाने 'पुढे चला' दाबलं.

करवत चालली. भुगा उडाला. नवा सांधा बसला आणि पडद्यावर हिरवंगार शून्य उमटलं. शून्य अंश, केसभरही तिरकं नाही! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चष्मेवालीने पाय टेबलावर लांब केला आणि टाळ्या एकेक करून विझल्या. मांडी टेबलाच्या कडेला समांतर होती. नडगी मात्र दाराकडे निघाली होती.

मामांना इतका आनंद झाला की गुडघ्याची कळही क्षणभर थांबली.

"यंत्र चुकत नाही, हात चुकतो," मोठे डॉक्टर म्हणाले. चष्मेवाली नापास झाली. ती चष्मा पुसत राहिली. मोठे डॉक्टर मामांकडे वळले. "काळजी करू नका मामा. सोमवारी तुमचा गुडघा मी करतो. कॉम्प्युटरबिंप्युटर काही नाही. नुसत्या नजरेने."

मामांचा आनंद पायांतून निथळून गेला. ही नजर मामांना वीस वर्षं ठाऊक होती. मोठे डॉक्टर हाड बसवून हात धुवायला गेले की ओल्या प्लास्टरमध्ये पाय गुपचूप सरळ कोण करायचं? मामाच. पण गुडघ्यात ठोकलेला धातू मागाहून सरळ करता येत नाही. आणि तेव्हा मामा स्वतःच टेबलावर बेशुद्ध असणार.

"डॉक्टर," मामा म्हणाले, "मी हललो होतो."

"किती?"

"बराच. आधी डावीकडे, मग उजवीकडे. तसं यंत्राने सांगितलंही होतं. तुम्ही ते... पुढे चला केलंत."

पाहुण्यांपैकी कोणीतरी खोकलं. मोठ्या डॉक्टरांना अचानक एक महत्त्वाचा फोन आठवला.

चष्मेवालीने चष्मा चढवला आणि मामांकडून ओल्या प्लास्टरच्या चार पट्ट्या मागून घेतल्या. सांगाडा टेबलाला लिंपून टाकला. मामांनी टिचकी मारून प्लास्टर वाळल्याची खात्री केली. मग तिने नवं हाड जोडलं, मांडी फिरवली. लाल पाटी आली नाही. या वेळी शून्य आलं तेव्हा पायही सरळ होता. मामांनी दोरी लावून पाहिली, डोळा बारीक करून पाहिलं. खोट काढायला जागा नव्हती.

"यंत्र तसं बरं आहे," मामा पुटपुटले.

"सोमवारी तुम्हाला काही धरायचं नाहीये, मामा. नुसतं पडून राहायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

चष्मेवालीने लिंपलेल्या सांगाड्याकडे पाहिलं, मग मामांच्या कंबरेकडे. "तरी चार पट्ट्या जवळ असू द्या," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मामांनी प्लास्टरचं कपाट तीस वर्षांत पहिल्यांदा कुलूप लावून बंद केलं आणि किल्ली घरी नेली.