दोन नळ्यांचा पाळणा

कोणतेही महायुद्ध विनाकारण होत नाही. कारणे सापडायला थोडा वेळ लागतो, इतकेच. आणि तोवर युद्ध अडवून ठेवणे व्यवहार्य नसते.

आमच्या शाळेतले इतिहासाचे शिक्षक आघाडीवर गेल्यामुळे हा धडा लिहिण्याचे काम पदार्थविज्ञानाच्या शिक्षिकेकडे, म्हणजे माझ्याकडे आले. त्यामुळे काही त्रुटी संभवतात. उदाहरणार्थ, पदार्थविज्ञानात क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात. इतिहासात आपण करतो ती प्रतिक्रिया आणि समोरचा करतो ती क्रिया. (हा नियम सर्व देशांना एकाच वेळी लागू पडतो, हे विशेष.)

युद्धाची सुरुवात आमच्या कोकतेपाला झाली. कोकतेपा हे एकच गाव असून त्याच्या मधून पाट वाहतो. दूर राजधानीत कोणीतरी नकाशावर रेघ ओढली ती नेमकी पाटावरून गेली, आणि गाव दोन देशांत पडले. गावाला ते बरेच उशिरा कळले. पाण्याच्या पाळ्या पूर्वीसारख्याच लागत, जर्दाळू दोन्हीकडे एकदमच पिकत, आणि पाटावर एक फळी टाकलेली असे. फळीवरून पीठ, भांडणे, कोंबड्या आणि नवऱ्या मुली पलीकडे जात. कोंबड्या संध्याकाळी परत येत.

मस्तुराअपांची मुलगी निगिना अशीच पलीकडे दिलेली. अंतर इतके की अपांनी तंदूरमधून नान काढली की तिचा वास निगिनाच्या सासूला, ओयदिनला, आधी जाई. त्या वर्षी निगिनाला दिवस गेले होते. आमच्याकडे पहिल्या बाळाचा पाळणा आजोळहून जातो. आजी तो स्वतः घेऊन जाते, आणि तो पोचेपर्यंत बाळ घरात पाहुण्यासारखे असते. मस्तुराअपांना या जगात आता एवढेच करायचे होते.

या पाळण्याला जागतिक इतिहासात स्थान असल्यामुळे त्याची रचना विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. बाळाला त्यात गुंडाळून बांधतात. तळाला भोक असते, भोकाखाली मडके, आणि बाळापासून मडक्यापर्यंत लाकडाची लहानशी नळी. त्यामुळे बाळ कोरडे राहते आणि आईला झोप मिळते. मुलासाठी नळीचे तोंड एका प्रकारचे असते, मुलीसाठी दुसऱ्या. आमच्या प्रदेशाने तंत्रज्ञानात घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे.

आता दूरगामी कारणांकडे वळू. त्यांत मैत्रीचा क्रम पहिला लागतो. आमच्या देशाला एक मोठा मित्र होता. शेजाऱ्यालाही एक मोठा मित्र होता. मोठ्या मित्रांना मित्र होते, आणि त्या मित्रांना समुद्रापलीकडे मित्र होते. यांपैकी एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, असे सर्वांनी सर्वांना लिहून दिले होते. शांतता राखण्यासाठी त्या काळी इतके करार झाले होते की युद्धाबाहेर उभे राहायला जागा उरली नव्हती.

तात्कालिक कारण चहा.

फळी कुजत आली होती. तिच्या जागी पूल बांधावा की नाही, हे ठरवायला दोन्ही देशांचे उपमंत्री आमच्या चायखान्यात आले. आमच्याकडे पाहुण्याच्या पियाल्यात चहा थोडाच ओततात. पियाला रिकामा होतो, यजमान पुन्हा ओततो, पुन्हा रिकामा होतो. जितका कमी चहा तितका मान मोठा. काठोकाठ पियाला फक्त नकोशा पाहुण्याला देतात. एवढा प्या आणि निघा, असा त्याचा अर्थ. हे आमच्याकडे दात न आलेल्या पोरालाही कळते.

आमच्या उपमंत्र्यांनाही कळत होते. पण आधीच्या एका बैठकीच्या छायाचित्रात पियाले रिकामे दिसले होते आणि परदेशी वर्तमानपत्रांनी या देशाच्या तिजोरीत खडखडाट आहे असे छापले होते. तेव्हापासून कॅमेऱ्यासमोर पियाले भरलेले दिसावेत, असा आदेश होता. उपमंत्र्यांनी आदेशाचे पालन केले. चहा पियाल्याच्या कडेला येऊन थरथरत उभा राहिला.

"काठोकाठ?" मस्तुराअपा माझ्या कानाशी म्हणाल्या. "अगं, हा पाजतोय की हाकलतोय?"

आम्ही सगळे पाहत होतो. कोणी काही बोलले नाही, कारण चित्रीकरण चालू होते.

पलीकडच्या उपमंत्र्यांनी पियाल्याकडे पाहिले. मग छातीवर हात ठेवून ते उठले. "चहा फार झाला," एवढेच म्हणाले, आणि फळीवरून निघून गेले. भरलेला पियाला तसाच टाकून जाणे हा आमच्या राष्ट्राचा अपमान होता, हे आमच्या वृत्तवाहिन्यांनी संध्याकाळपर्यंत सिद्ध केले. (तो भरलेला का होता, याचा शोध नेमलेली समिती घेत आहे.)

दुसऱ्या दिवशी सैन्ये आली. फळी एकच असल्यामुळे ती मधोमध कापून दोघांनी अर्धी अर्धी ताब्यात घेतली. दोन्ही देशांनी हा विजय म्हणून साजरा केला. टेलिफोन बंद झाले. पाटाच्या दोन्ही काठांना वाळूच्या पोत्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक भिंतीवर एक ध्वनिक्षेपक बसला. आमचा ध्वनिक्षेपक सत्य सांगत असे. त्यांचा खूप मोठा होता.

अशा परिस्थितीत निगिना बाळंत झाली. बातमी ओयदिनने पोत्यांच्या पलीकडून ओरडून दिली.

"विहीणबाई! मस्तुरा! झालं गं झालं!"

"काय झालं?"

"बाळ! दुसरं काय होणार, वासरू?"

"अगं, मुलगा की मुलगी?"

ओयदिनने उत्तर दिले. त्याच क्षणी आमच्या ध्वनिक्षेपकाने राष्ट्रगीत सुरू केले आणि पलीकडच्याने त्यांच्या राष्ट्रगीताने प्रत्युत्तर दिले. (दोन्ही गीतांत देशाला आई म्हटले आहे.) मग ओयदिनने पोत्यांच्या वर हात काढून खुणा केल्या. पहारेकऱ्यांना तो सांकेतिक संदेश वाटला, म्हणून त्यांनी गोळीबार केला. आमच्या पहारेकऱ्यांनी, म्हणजे. प्रतिक्रिया म्हणून.

मस्तुराअपा घरी आल्या आणि त्यांनी पाळण्याला दोन्ही नळ्या लावल्या. एक मुलाची, एक मुलीची. जी लागणार नाही ती तिथे काढता येईल, असा त्यांचा साधा हिशेब. मग रंग वाळावा म्हणून त्यांनी पाळणा अंगणात ठेवला.

पलीकडच्यांच्या मोठ्या मित्राचा उपग्रह त्या वेळी वरून चालला होता. त्याच्या अहवालात म्हटले होते: "द्विनळी प्रक्षेपक, घरगुती बनावटीचा. बैठक झुलती, त्यामुळे नेम कुठे धरला आहे हे सांगणे अशक्य. शेजारी एक वृद्ध तंत्रज्ञ." अहवाल बाहेर पडताच पलीकडच्यांचे रणगाडे टेकडीमागे सरकले. आमचे संरक्षण खाते खुलासा करणारच होते, परंतु रणगाडे मागे गेलेले पाहून त्याने विचार बदलला, आणि अशा शस्त्राच्या अस्तित्वाला आम्ही दुजोराही देत नाही आणि इन्कारही करत नाही, असे जाहीर केले. त्या वर्षीच्या संचलनात असे पुष्कळ प्रक्षेपक मिरवले गेले. त्यासाठी जिल्ह्यातले पाळणे जमा करण्यात आले. बाळांनी देशासाठी ओले राहण्याचा त्याग केला.

हे शस्त्र आपल्याकडे नाही म्हटल्यावर त्यांच्या मोठ्या मित्राला युद्धात उतरणे भाग पडले. मग आमच्या मोठ्या मित्राला भाग पडले. मग करारांप्रमाणे इतरांना. एका बेटावरच्या राष्ट्राने आधी युद्ध जाहीर केले आणि मग नकाशा मागवला. जगातील नव्वद टक्के राष्ट्रे लढली. उरलेल्या दहा टक्क्यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रे विकून कडक तटस्थता पाळली.

युद्ध चालू असताना शांततेचे प्रयत्नही होत होते, हे नमूद केले पाहिजे. थंड हवेच्या एका गावी मोठ्या राष्ट्रांची निःशस्त्रीकरण परिषद भरली. तिथला ठराव घेऊन आमचे कॅप्टन इसोमिद्दीन मस्तुराअपांच्या अंगणात आले. कॅप्टन मूळचे शहरातले, तरुण आणि अतिशय सभ्य.

"अपा, आनंदाची बातमी. माणुसकीच्या भूमिकेतून तुम्हाला पाळणा पलीकडे न्यायला परवानगी मिळालीय. फक्त नळ्या काढाव्या लागतील."

"नळ्या काढून?"

"पाच मोठ्या राष्ट्रांनी एकमताने मान्य केलंय."

"त्या पाचांतलं एखादं राष्ट्र येणार आहे का लंगोट बदलायला?"

"तसं काही ठरावात नाही, अपा."

"मग माझं नातवंड मुतणार कुठं? ठरावात?"

कॅप्टनने ठराव पुन्हा वाचला. "हे बघा, मी वर लिहून एक नळी मंजूर करून आणतो. एकनळी बहुतेक चालेल. कुठली ठेवायची तेवढं सांगा."

"मला काय माहीत कुठली? मी विचारलं की तुम्ही राष्ट्रगीत लावता."

"पण अपा, राष्ट्रगीताच्या वेळी बोलूच नये खरं तर."

परिषदेने हा प्रश्न गांभीर्याने घेतला. मूल मुलगा आहे की मुलगी, याची पडताळणी करण्यासाठी सहा राष्ट्रांचे निरीक्षक पथक कोकतेपाकडे निघाले. पथकाच्या सुरक्षेसाठी दोन्ही सैन्यांनी रस्त्यात सुरुंग पेरले. पथक पोचले नाही. त्याच्या स्मरणार्थ परिषदेने आपली मुदत वाढवून घेतली.

युद्धाच्या पुढील वाटचालीत तपशिलाखेरीज काही नाही. चायखान्याचे छप्पर गेले. पाण्याच्या पाळ्या मोडल्या आणि दोन्हीकडच्या जर्दाळूच्या बागा एकाच वेळी वाळल्या. (आमच्या बागा हे नुकसान, त्यांच्या बागा हे यश.) आमच्या शाळेतले इतिहासाचे शिक्षक परत आले नाहीत, त्यामुळे हा विषय आता कायमचा माझ्याकडे आहे. पलीकडच्या शाळेत तो गणिताकडे गेल्याचे कळते.

मस्तुराअपा रोज पाळणा पुसत. रंग उडाला की पुन्हा देत. शेजारणी म्हणत, "अपा, आता कशाला? पोर मोठं झालं असेल." अपा म्हणत, "होऊ दे. पाहुण्यासारखं राहतंय ना अजून."

युद्ध संपण्याची कारणे परीक्षेत विचारली जात नाहीत, कारण ती देता येत नाहीत. दोन्ही मोठे मित्र एकमेकांचे मित्र झाले. आम्हाला कळवायचे राहून गेले. मधल्या काळातल्या गोळीबाराला तज्ज्ञ 'अतिरिक्त' असे म्हणतात.

पाटावर आता पक्का पूल आहे. रणगाड्याचे वजन पेलेल असा. तो उघडला त्या दिवशी पाळण्याची एक बाजू मस्तुराअपांनी धरली आणि एक मी. दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी नळ्यांत वाकून पाहिले आणि आम्हाला सोडले.

निगिना दारातच उभी होती. तिचे केस पुढून पांढरे झाले होते.

"आई, उशीर केलास."

"वाटेत गर्दी होती गं."

तिच्या मागे अंगणात एक पोर कोंबडीच्या पाठी धावत होते. मस्तुराअपांनी पाळणा खाली ठेवला आणि नुसत्याच बघत राहिल्या.

"मुलगी," निगिना म्हणाली. "ओरडून सांगितलं होतं आम्ही."

"मी घसा फोडून सांगितलं होतं," आतून ओयदिन म्हणाली. "हिची विचारायची वेळच नेमकी चुकली!"

पोरीने कोंबडी सोडली. पाळण्याभोवती एक फेरी मारली, आत चढून बसली आणि पाय बाहेर लोंबकळत सोडले. मग तिला नळ्या दिसल्या. एक नळी तिने उपसली, आरपार पाहिली, खांद्याला लावली, पाटापलीकडच्या आमच्या काठावर रोखली आणि म्हणाली,

"ठो!"

"कुणी शिकवलं नाही हो," ओयदिन घाईघाईने म्हणाली. "ऐकून ऐकून आलंय."

मस्तुराअपा तिच्यापुढे खाली बसल्या. "ती मुलाची आहे, राणी," त्या म्हणाल्या. "तुझी ही, दुसरी." पोरीने नळी सोडली नाही. दुसरीही घेतली.

धडा इथे संपतो. या धड्यात मी दोन्ही देशांची नावे दिलेली नाहीत. त्यांचे झेंडे, भाषा, देव किंवा तक्रारी यांतले काही सांगितलेले नाही. पियाला आमच्या माणसाने भरला आणि पहिली गोळी आमच्या काठावरून सुटली, हे मी स्वच्छ लिहिले आहे. तरीही, दूरच्या वाचकांनो, मधेच कुठेतरी तुम्ही 'इकडचे' झालात, आणि त्या पोरीने नळी रोखली तेव्हा ती आपल्यावर रोखल्यासारखे तुम्हाला वाटले. तुम्हाला तिच्या मागे उभे राहूनही पाहता आले असते. दोन्ही काठ तुम्हाला सारखेच परके आहेत, आणि कोकतेपा नकाशात कुठे आहे हेसुद्धा तुम्हाला सांगता येणार नाही. महायुद्धासाठी नागरिकांकडून अपेक्षा असते ती एवढीच. बाकीचे साहित्य सरकार पुरवते.